मदत हवी आहे: मित्राच्या सोसायटीत गाडी लावली म्हणून ५०० रुपये दंड

नमस्कार मंडळी. रविवारी आईला घेऊन जुळे सोलापुरात मित्राकडे जेवायला गेलो होतो. गाडी कुठं लावायची ते वॉचमननंच दाखवलं. दोन तासांनी खाली आलो तर चाकाला जॅमर! पार्किंगच्या ठेकेदारानं ५०० रुपये घेतल्याशिवाय तो काढला नाही. आई पंचाहत्तरीची, सोलापूरचं ऊन, अर्धा तास उभी होती बिचारी. राग त्याचाच जास्त आहे.

गेटवर दंडाचा फलक नव्हता, फोटो काढलेत. पावतीवर नुसता शिक्का.

खासगी माणसाला असा दंड घेता येतो का? आधी सोसायटीला लेखी द्यावं, की थेट ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी? मित्र भाडेकरू आहे, त्याला त्रास व्हायला नको. कुणी असे पैसे परत मिळवलेत का?