पीव्ही (बाळंतपणात बोटांनी योनीतून तपासणी) करताना बाई आखडते, काय बदलायचं?

सिस्टर_नागपूर:
लेबर रूमला ड्युटी असते. पहिलटकरीण पीव्हीच्या वेळी मांड्या आवळते, कंबर उचलते, टेबलावर वर सरकते. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते नीट लागत नाही, मग परत तपासावं लागतं. "अंग सैल सोडा" म्हणून काही फरक पडत नाही. तिला कमी त्रास होऊन एकदाच नीट तपासता येईल, असं काय करावं?

जुनी_सुईण:
हात लावायच्या आधीच अर्धं काम होतं. दोन कळांच्या मधे, कपडे सरकवण्याआधी विचारा: का तपासायचं, काय जाणवेल. कळ चालू असताना मान हलवली तर तो होकार धरू नका. हात वर केला किंवा "थांबा ना जी" म्हणाली की बोटं तिथेच थांबली पाहिजेत. "झालंच, झालंच" म्हणत पुढे जायचं नाही.

लघवी करून येऊ द्या. तिचे पाय दाराकडे नकोत. मे महिन्यात कूलरचा झोत उघड्या मांड्यांवर येतो, तो वळवा. चादर तिच्याच हातात द्या. सपाट उताणी झोपवू नका. डोकं-खांदे उचललेले, उजव्या कुल्ल्याखाली उशी. नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येऊन तिला गरगरतं. टाचा जवळ घेऊन गुडघे तिचे तिने बाजूला सोडायचे, आपण फाकवायचे नाहीत.

जेली भरपूर. सांगून एक बोट, तेही तिने श्वास सोडताना. स्नायू ढिले झाले की दुसरं. दाब खाली, गुदद्वाराच्या बाजूला. वरची बाजू फार नाजूक असते, तिथे आपला अंगठा टेकला की बाई दचकून वर सरकते. बहुतेक वेळा तेच घडत असतं, म्हणून अंगठ्याकडे लक्ष ठेवा. तोंड मागे असेल तर बोटं खुपसू नका. तिला दोन्ही मुठी कुल्ल्यांखाली ठेवायला सांगा, कंबर कलते आणि तोंड हाताला लागतं.

स्त्रीरोग_विदर्भ:
पद्धत उत्तम. पण आधी बघा, ही तपासणी आत्ता हवीच आहे का? जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस अशी: धोका नसलेल्या बाळंतपणात, तोंड ५ सेंमी उघडल्यानंतरच्या सक्रिय टप्प्यात, दर ४ तासांनी. रेसिडेंटने तपासलं, मग इंटर्नने, मग ड्युटी बदलली म्हणून पुन्हा, हे थांबायलाच हवं. शिकण्यासाठी तपासायचं तर परवानगी वेगळी घ्या. रक्त जात असेल आणि वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली नाही याची सोनोग्राफीत खात्री झाली नसेल, तर पीव्ही अजिबात नाही. कळा सुरू नसताना पाणी गेलं असेल तर बोटांऐवजी निर्जंतुक स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन), कारण प्रत्येक पीव्हीबरोबर संसर्गाची शक्यता वाढते.

सिस्टर_नागपूर:
आणि ती सरळ "नको" म्हणाली, सासू मात्र "करा हो तुम्ही" म्हणते, तेव्हा?

जुनी_सुईण:
सासूचा होकार चालत नाही. तेवढ्यापुरतं सासूबाईंना बाहेर बसवा. पोटावरून बाळाचं डोकं किती पंचमांश (पाचापैकी किती भाग) हाताला लागतं, १० मिनिटांत किती कळा, प्रत्येक किती सेकंदांची, बाळाचे ठोके कसे, यावरून पुष्कळ कळतं. ते लिहा, "तपासणीस नकार" हेही लिहा, थोड्या वेळाने पुन्हा विचारा. ठोके बिघडले तर तपासणी का हवी ते स्पष्ट सांगा, तरी निर्णय तिचाच.

डोळे मिटून निपचित पडली तर शांत आहे असं समजू नका. थांबा, नावाने हाक मारा. एकटी असताना विचारा, "आधी कधी तपासणीत किंवा कुणाच्या हात लावण्याने त्रास झाला होता का?" तपशील खोदू नका. तिला हवी ती सोबतीण उशाशी राहू द्या. सरकारी दवाखान्यांतल्या लेबर रूम सुधारण्यासाठीच्या, २०१७ पासूनच्या केंद्राच्या लक्ष्य कार्यक्रमातही बाळंतिणीसोबत कुणी असावं असंच आहे.

तपासून झालं की आधी पुसून चादर ओढा, मग निष्कर्ष तिला सांगा. "अजून काहीच नाही" म्हणू नका. "तोंड मऊ झालंय, पातळ होतंय, ३ सेंमी आहे" असं सांगा. बाळाचे ठोके ऐका, तिलाही ऐकवा, आणि मग नोंद करा.