चर्चा: ‘द हे वेन’ची रचना पाहावी, की रचनेने दूर सारलेले पाहावे?

धागाकर्ता: लंडनच्या नॅशनल गॅलरीतील इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी, १८२१) हे तैलचित्र कॅलेंडरांवर इतके छापले गेले आहे की त्याची रचना आता कोणी पाहतच नाही. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर आणि झाडांचा गडद भार, तर उजवीकडे उन्हातले मोकळे कुरण; या दोहोंचा तोल उथळ पाण्यातल्या रिकाम्या गाडीने सांभाळला आहे. अलीकडच्या काठावरचा कुत्रा आपली नजर गाडीकडे नेतो आणि गाडी ती पैलतीराला नेते. घोड्यांच्या साजावरचा तांबडा रंग बोटाने झाकून पाहा, भोवतीचा हिरवा लगेच मलूल वाटू लागेल.

प्रतिसाद १: बोटाने रंग झाकण्याचा हा खेळ मला अपुरा वाटतो. हे दृश्य स्टाउर नदीकाठच्या फ्लॅटफर्डचे आहे आणि तिथली गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची होती, म्हणजे ते मालकाच्या मुलाने पाहिलेले आहे. इंग्लंडच्या याच पूर्व भागात, ईस्ट अँग्लियात, १८१६ आणि १८२२ मध्ये शेतमजुरांचे दंगे झाले. या चित्रात मात्र गवत कापणारे मजूर कुरणाच्या टोकाला पांढऱ्या ठिपक्यांएवढे उरतात. हे अंतरही रचनेचाच भाग आहे, आणि त्याबद्दल आपण चकार शब्द काढलेला नाही.

धागाकर्ता: अंतराचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच चित्राचा पूर्ण आकाराचा कच्चा खर्डा आहे, ज्यात कुत्र्याजवळ एक घोडेस्वार दिसतो. अंतिम चित्रात तो नाही, कारण तिथे अडखळणारी नजर कॉन्स्टेबलला मोकळी करायची होती, असे मला वाटते. शिवाय रिकामी गाडी भरायला निघाली आहे ती त्या मजुरांकडेच. त्यांना लपवायचेच असते, तर चित्रकाराने सगळी वाट तिकडे का वळवली असती?

प्रतिसाद १: वाट तिकडे वळते, पण पोचत नाही. चित्र लंडनच्या स्टुडिओत, जुन्या अभ्यासचित्रांवरून रंगवलेले आहे. तिथे बसून मजुराचा चेहरा आठवण्यापेक्षा घराचे छप्पर आठवणे सोपे गेले असावे. (हे थोडे बोचरे झाले, पण मागे घेत नाही.)

प्रतिसाद २: आपण दोघेही गाडीपाशीच भांडत आहात. लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात हे चित्र ‘निसर्गचित्र : दुपार’ या नावाने मांडले गेले होते, त्या नावात ना गाडी, ना मजूर. जवळजवळ निम्मे चित्र आकाशाने व्यापले आहे, आणि कुरणावर ऊन-सावलीचे जे पट्टे पडले आहेत ते वरच्या ढगांमुळेच. मजूर उठून दिसतात तेही ते उन्हाच्या पट्ट्यात आहेत म्हणून.

धागाकर्ता: आकाश मी साफ विसरलो, हे खरे. त्या उन्हाच्या पट्ट्याने मजुरांबद्दलचे माझे म्हणणे बळकट होते, असे मला वाटते; पहिले प्रतिसादक ते मान्य करतील असे मात्र दिसत नाही.