ओहायो खोऱ्यावरून इंग्रज-फ्रेंच युद्ध का पेटले?

प्रश्न: १७५४ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेल्या युद्धात इंग्रजांनी फ्रेंचांना हरवले, मग अवघ्या वीसेक वर्षांत तेरा वसाहती त्यांच्या हातून कशा गेल्या? आणि भांडण ओहायो खोऱ्यावरूनच का जुंपले?

प्रतिसाद १: मुळाशी जमीन होती. व्हर्जिनियातील धनिकांच्या ओहायो कंपनीला तेथे वसाहत करायची होती, तर फ्रेंचांना कॅनडा आणि लुइझियाना या आपल्या दोन वसाहती जोडणारा जलमार्ग हवा होता. म्हणून त्यांनी आजच्या पिट्सबर्गच्या जागी, दोन नद्यांच्या संगमावर, ड्यूकेन किल्ला उभारला. ३ जुलै १७५४ रोजी पावसात चिंब भिजलेल्या तळावर तेव्हा इंग्रजांकडून लढणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने फ्रेंचांपुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. कागद फ्रेंचमध्ये होता, ती भाषा त्याला येत नव्हती, आणि त्यात फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिलच्या हत्येची कबुली होती!

प्रतिसाद २: पहिल्या प्रश्नाचे उत्तर कर्जात सापडते. १७६३ च्या पॅरिस तहाने कॅनडा मिळाला, पण ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते. अमेरिकेतील फौजेचा खर्च भागवण्यासाठी १७६५ मध्ये वसाहतींवर मुद्रांक कर (छापील कागदपत्रांवरचा कर) लादला गेला, आणि तोही अशा वेळी, जेव्हा फ्रेंचांची भीती सरल्याने वसाहतवाल्यांना त्या फौजेची फारशी गरज वाटत नव्हती.

प्रतिसाद ३: मूलनिवासींना विसरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या भूमीची वाटणी झाली, त्यांना तहात स्थानच नव्हते. मूलनिवासी नेता पाँटियाक याने इंग्रजांविरुद्ध केलेल्या उठावाच्या काळातच, ऑक्टोबर १७६३ मध्ये, ब्रिटनच्या राजाने ॲपलेशियन पर्वतापलीकडे, म्हणजे ओहायो खोऱ्यातही, वस्ती करण्यास मनाई केली, आणि जमिनीसाठी लढलेले वसाहतवाले त्यामुळेही बिथरले.