हे गवत की लव्हाळा? आणि गाजरासारख्या पानांचं रोप कोणतं?

खुरपं_नवीन: मागच्या मोकळ्या जागेत दोन गोष्टी ओळखता येत नाहीयेत. एक गवतासारखं आहे: पानं चकचकीत, मधोमध पन्हळ, वर लालसर-तपकिरी तुरा. उपटलं की बुडाशी तुटतं आणि आठवड्याभरात पुन्हा हजर. दुसरं रोप जमिनीलगत चक्रासारखं पसरलंय, पानं गाजरासारखी चिरलेली, फूल अजून नाही. ॲप पहिल्याला रोज वेगळं नाव देतं, दुसऱ्याला चक्क झेंडू म्हणतं. खात्री कशी करायची?

बांधकरी: पहिलं बहुतेक गवत नाहीच. तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवा. तीन कडा बोटांना लागल्या, पेरं नसली आणि आडवा कापल्यावर आत भरीव त्रिकोण दिसला, तर तो लव्हाळ्याच्या कुळातला. पानंही तीन रांगांत निघतात, गवताची दोन रांगांत.
आता उपटणं थांबवा आणि खुरप्याने 15-20 सेंमी खणा. तारेसारख्या धाग्यांवर काळपट गड्डे माळेसारखे ओवलेले असतील आणि चिरल्यावर सुवास आला, तर नागरमोथा (सायपरस रोटंडस). तुरा पिवळसर आणि गड्डा धाग्याच्या टोकाला एकटाच असेल तर सायपरस एस्क्युलेंटस. उपटताना शेंडा हातात येतो, गड्डा खालीच राहतो आणि पुन्हा फुटतो. म्हणून हा खेळ संपत नाही.

पेर_आणि_कांडी: एक दुरुस्ती. या कुळात गोल दांड्याच्याही जाती आहेत, त्यामुळे दांडा गोल म्हणजे गवतच, असं धरू नका. पेरं बघा.
पेरं असलीच तर पान हलकेच मागे वाकवा. पातं आणि खोडाला वेढणारा भाग जिथे जुळतात तिथे आतून जिभली असते. 10 पट भिंगाने नीट दिसते. हराळीत ती केसांची बारीक झालर असते. भाताच्या रोपाला लांब पडद्यासारखी, तर रानसाव्याला मुळीच नसते. फूल नसताना इतकी पक्की खूण दुसरी नाही, आणि ॲपला नेमकी तीच फोटोत मिळत नाही.

हातमोजे_आधी: दुसऱ्याला उघड्या हाताने शिवू नका, चुरगळून वासही घेऊ नका. वर्णन गाजरगवताचं वाटतंय. त्याने त्वचेला खाज आणि पुरळ येतं. गाजराच्या पानाचा देठ बुडाशी रुंद होऊन खोडाला मिठी मारतो, गाजरगवतात तसं आवरण नसतं. पुढे उभं, रेघाळ, लव असलेलं खोड येतं आणि पाच कोपऱ्यांची बारीक पांढरी फुलं लागतात.
ओळख पटली तर फुलायच्या आधीच, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढा. बुडखा राहिला तर पुन्हा फुटतं. एकेक रोप हजारो बिया टाकतं, म्हणून फुलावर आलेलं कंपोस्टात नको.
फोटो टाकाल तेव्हा पूर्ण रोप, पानाची मागची बाजू, देठाचा सांधा असे वेगवेगळे टाका. शेजारी मोजपट्टी ठेवा.

खुरपं_नवीन: दांडा तीनकडी निघाला, गड्डे माळेत. चिरल्यावर वासही आला. दुसऱ्याचे फोटो हातमोजे मिळाले की टाकतो.