ड्रेस्डेनहून प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट : चार मैत्रिणींची ईस्टरच्या सुट्टीतली सहल, कागदपत्रं आणि पैशाचं कसं करावं?

संत्राबाग_वरूड

राम राम मंडळी. लहान बहीण ड्रेस्डेनला मास्टर्स करते. परीक्षा आटोपल्या की २८ मार्च ते ४ एप्रिल २०२६ या सुट्टीत चार मैत्रिणी मिळून प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट करायचं म्हणतात. बाबांचा नकार नाही. पण दुसऱ्या देशात शिरल्यावर कोणी अडवलं तर काय, हे त्यांच्या डोक्यातून जात नाही, आणि आमच्या गावात याचं नेमकं उत्तर देणारं कोणी नाही.

बहीण आणि तिची वर्गमैत्रीण, दोघींजवळ जर्मनीच्या निवास परवान्याचं कार्ड आहे, मुदत २०२७ पर्यंत. तिसरीचं कार्ड नूतनीकरणाला गेलं आहे, कार्यालयानं तिला तात्पुरता कागद दिला आहे. चौथी डब्लिनला शिकते, ती विमानानं प्रागला येऊन यांना भेटणार. हातात सहा आठवडे आहेत.

कागद कोणते लागतील, रेल्वेचं तिकीट कसं काढावं, घरून पैसे पाठवायचे तर किती आणि कधी, आणि तिकडे आजारी पडल्यास विमा चालतो का, एवढं सांगा. तिघी शाकाहारी आहेत.

एल्बेकाठ

दादा, आधी बाबांचा प्रश्न. चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, हंगेरी हे तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात येतात. जर्मनीचा चालू निवास परवाना आणि चालू पासपोर्ट जवळ असला की बाकीच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणजे बहीण आणि तिची वर्गमैत्रीण, या दोघींची काळजी नको.

गडबड होते ती अशी. शेंगेनमध्ये सीमाच नाही असं ऐकून पोरं पासपोर्ट खोलीवर ठेवतात आणि फोनमधल्या फोटोवर निघतात. फोटो चालत नाही. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या आपल्या सगळ्या सीमांवर तपासणी लावली आहे. प्रागकडून येणाऱ्या गाडीत पोलीस डब्यात चढून कागद पाहतात. नुसतं कार्ड पुरत नाही, नुसता पासपोर्टही पुरत नाही, दोन्ही मूळ प्रती लागतात. जाताना कोणी विचारलं नाही म्हणजे येतानाही विचारणार नाही, असं धरू नये.

तिसरीचं प्रकरण नाजूक आहे. त्या तात्पुरत्या कागदाला फिक्टिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात आणि त्यावर कोणत्या कलमाखाली खूण केली आहे त्यावर सगळं ठरतं. जर्मन निवास कायद्यातल्या कलम ८१ चा पोटभाग ४ असेल तर जुना परवाना पुढे चालू धरला जातो. जुनं कार्ड, पासपोर्ट आणि हा कागद मिळून जर्मनीत परत येण्याला आधार राहतो. पोटभाग ३ असेल तर देशाबाहेर जाऊच नये, त्यावर परत प्रवेश मिळत नाही. पोटभाग ४ असला तरी चेक आणि हंगेरीचा पोलीस तो जर्मन कागद कसा वाचेल याची खात्री नसते. तिनं आजच परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल करावी, तिन्ही देशांची नावं लिहून विचारावं आणि उत्तराची छापील प्रत सोबत ठेवावी. लेखी उत्तर आलं नाही तर तिनं जर्मनीतच फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी चौघींनी बेत थोडा बदलला तरी चालेल.

डब्लिनवालीला मात्र शेंगेन व्हिसा लागणारच. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तिथलं निवास कार्ड फक्त आयर्लंडपुरतं. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे, म्हणजे चेककडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण प्रकरण अडलं तर ४५ दिवसांपर्यंतही जातात. शुल्क ९० युरो. ३०,००० युरोंचा प्रवास विमा, राहण्याचं बुकिंग, कॉलेजचं पत्र, बँकेचा हिशेब लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा. ईस्टरच्या तोंडावर अर्जाची वेळ मिळणं हीच मोठी अडचण असते. त्यामुळे ती वेळ हातात येईपर्यंत तिनं परतावा न मिळणारं विमान तिकीट काढू नये. प्रागच्या विमानतळावर तिचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जाऊ शकतात. ही नवी नोंद १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू आहे, घाबरायचं कारण नाही. जर्मन परवानावाल्यांना ती लागू नाही. परतताना आयर्लंडचं कार्ड हातात असावं.

अजून एक. भारतीय दूतावास प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तिन्हीकडे आहेत. पण पासपोर्ट हरवल्यावर तिथे तातडीचा जो दाखला मिळतो तो भारतात परतण्यापुरता असतो, जर्मनीला जाण्यासाठी नाही. म्हणून पासपोर्ट आणि कार्ड एका पाकिटात कधीच ठेवू नये. एक अंगावरच्या कापडी थैलीत, दुसरं बॅगेच्या आतल्या कप्प्यात.

रुळावरून

रेल्वेचं मी सांगतो. ड्रेस्डेन ते प्राग अडीच तास, प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तास, असं मोटामोटी धरा.

डॉइचलांड तिकीट (देशभर चालणारा महिन्याचा पास) किंवा विद्यापीठाचं सेमिस्टर तिकीट या गाड्यांत चालत नाही. ते फक्त जर्मनीतल्या प्रादेशिक गाड्यांसाठी आहे. ईसी, आयसी, आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये ते दाखवलं तर विनातिकीट धरतात.

स्वस्त तिकिटं दर महिन्याला नाही, दर गाडीला ठरावीक असतात. ती संपली की पुढचा दर चढतो. म्हणून सहा आठवडे हे काही लवकर नाही. तारीख ठरली त्याच दिवशी काढून टाका. ड्रेस्डेन-प्रागसाठी जर्मन आणि चेक, दोन्ही रेल्वेंचं ॲप उघडून दर ताडून पाहा, एकाच गाडीला दोन्हीकडे वेगळा दर दिसतो. प्राग-व्हिएन्ना आणि व्हिएन्ना-बुडापेस्टसाठी ऑस्ट्रियाच्या रेल्वेचं ॲपही पाहा.

स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की तिकीट गेलं. याला एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्यावा. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर रेल्वेला पुढच्या गाडीनं न्यावंच लागतं. दोन तुकडे वेगवेगळे काढले असतील तर दुसऱ्या तुकड्याची जबाबदारी कोणी घेत नाही. जाताना प्रत्येक शहरात मुक्काम आहे, म्हणून तुकड्यांनी काढलं तरी बिघडत नाही. परतीचं मात्र बुडापेस्ट ते ड्रेस्डेन एकाच तिकिटावर काढा, तो जवळजवळ नऊ तासांचा प्रवास आहे. मुक्कामी एक तास उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तासांवर ५० टक्के परत मागता येतात. तो अर्ज भरायला विसरू नये.

तिकीट म्हणजे जागा नव्हे. आपल्याकडच्या जनरल डब्यासारखं समजा. ईस्टरच्या आठवड्यात चौघींची जागा वेगळे पैसे भरून राखून ठेवा, नाहीतर सामानासकट दारापाशी उभं राहावं लागतं. ४ तारखेला परतण्याचं ठरवलंय ते चांगलं केलं. ६ तारखेच्या ईस्टर सोमवारी सगळा युरोप घरी निघालेला असतो.

स्टेशनांत घोळ होतो तो नावांचा. चेक फलकावर ड्रेस्डेनला द्राझ्द्यानी आणि व्हिएन्नाला विदेन्य लिहितात, हंगेरियनमध्ये व्हिएन्ना म्हणजे बेच. ड्रेस्डेनकडून येताना प्रागचं आधी होलेशोविचे स्टेशन लागतं, मुख्य स्टेशन त्यानंतर. बुडापेस्टला व्हिएन्नाची गाडी आधी केलेनफोल्डला थांबते, मग केलेतीला जाते. चेक स्टेशनवर नास्तुपिश्ते म्हणजे फलाट आणि कोलेय म्हणजे रूळ, दोघांचे आकडे वेगळे असतात. फलाटाचा आकडा प्रागच्या मुख्य स्टेशनवर गाडी सुटायच्या थोडा वेळ आधीच लागतो, तोवर मधल्या हॉलमध्ये फलकाखालीच थांबायचं.

शहरातलं कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं नाही. ते यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे दंड, आणि पर्यटक असल्याचं सांगून सुटका होत नाही.

संत्राबाग_वरूड

खूप आभार. तिसरीनं ईमेल टाकली, पोटभाग ४ ची खूण आहे म्हणते. आता पैसे आणि विमा राहिला.

खिडकी_क्रमांक_३

पैशाचं मी सांगतो भाऊ. जर्मनीतल्या बंद खात्यातून (ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधीच भरलेले पैसे दर महिन्याले ठरावीकच सोडणारं खातं) पोरीले महिन्याचे ९९२ युरो सुटतात. त्यातून खोलीभाडं अन् विमा गेला का सहलीसाठी फार काही उरत नाही. आठ दिवसांचा माझा अंदाज असा : होस्टेलची सात रात्रींची खाट २०० ते २८०, रेल्वे १०० ते १५०, शहरातल्या बस-मेट्रोचे ३० ते ४०, खाणंपिणं १२० ते १५०, तिकिटं-प्रवेश ५० ते ७०. म्हणजे ५०० ते ७०० युरो. युरोले शंभराच्या वर रुपये लागतात, तुम्ही हिशेब लावा.

पाठवाचे असन तर तालुक्याच्या शाखेत आशेनं बसू नका. परकीय चलनाचं काम बहुतेक शाखांत होत नाही, कागद अमरावती नाहीतर नागपूरले जातात. ए-टू अर्ज (परदेशात पैसे पाठवाचा बँकेचा फॉर्म), पाठवणाऱ्याचं पॅन, तिचा पासपोर्ट, परवाना अन् विद्यापीठाचं पत्र, एवढं एकदमच नेजा. जिल्हा सहकारी बँकेतून हे होत नाही, पैसे आधी राष्ट्रीयीकृत बँकेच्या खात्यात घेजा. अन् मार्चाचा हिशेब पाहा : १९ ले गुढीपाडवा, मंग रामनवमी, महावीर जयंती, १ एप्रिलले बँकेचं वार्षिक काम, ३ ले गुड फ्रायडे. तिकडेही ३ ते ६ एप्रिल साधी ट्रान्सफर हलत नाही. म्हणून १७ मार्चच्या आत पैसे निघाले पाह्यजे.

तिच्याजवळ भारतातलं कार्ड असन तर त्यावर परदेशी वापर ॲपमधून सुरू करा लागते, नवं कार्ड बंदच येते. ओटीपी भारतातल्या नंबरावर येते. म्हणून घरी बसून त्या नंबराचा रिचार्ज संपू देऊ नका, हे काम तुमचं हाय.

प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट चालते, व्हिएन्नात युरो. यंत्र विचारते, युरोत कापू का इथल्या चलनात? नेहमी तिथलंच चलन निवडाचं. युरो निवडला का यंत्रवाला आपला महागडा दर लावते. रस्त्यावर कोणी चांगला दर सांगून नोटा बदलून देतो म्हणत असन, तर थांबाचं नाही, दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हाती देतात. प्रागच्या दुकानात बदलून फसलं असं वाटलं तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जाजा. १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करून मागाचा हक्क चेक कायद्यानं देला हाय.

१ तारीख सहलीतच येते. भाडं आपोआप जाते का नाही, हे तिले निघाच्या आधी पाहून घेऊ द्या.

मोर्शी_ते_म्युनिक

विम्याबद्दल. जर्मनीच्या सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात असेल तर तिच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असतं. चेक, ऑस्ट्रिया, हंगेरीत अचानक दुखणं आलं तर सरकारी दवाखान्यात ते चालतं. खासगी डॉक्टर आणि डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च त्यात नाही. पुढेमागे स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वेचा बेत केला तर लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे हे कार्ड चालत नाही. वर्षाचा परदेश प्रवास विमा वेगळा मिळतो, महाग नसतो, तो घेऊनच टाकावा. खासगी विमा असेल तर करारात देशांची यादी वाचावी. अडीअडचणीला तिन्ही देशांत ११२.

जेवणाचं थोडं सांगतो. फक्त मांस नको म्हटलं की डुकराच्या चरबीत तळलेलं किंवा हाडांच्या रश्श्यातलं पुढे येतं, त्यांच्या लेखी ते मांस नसतं. चेकमध्ये "बेझ मासा", हंगेरीत "हूश नेल्क्युल", व्हिएन्नात "ओने फ्लाइश" म्हणायचं, आणि तळणीचं विचारून घ्यायचं. चेकमधलं स्माझेनी सिर, म्हणजे तळलेलं चीज, पोटभर होतं. बुडापेस्टचा लांगोश, म्हणजे तळलेली जाड रोटी, लसूण आणि चीज लावून मिळतो. स्वयंपाकघर असलेलं होस्टेल घ्या. पोहे, तिखट आणि कुकरचा छोटा डबा असला की रात्रीचा खर्च निम्मा होतो. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी सापडतात.

आणि २८ मार्चच्या रात्री, म्हणजे प्रागच्या पहिल्याच मुक्कामात, घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, होस्टेलच्या भिंतीवरचं बदलत नाही. घरच्यांनीही फोन करण्याची वेळ बदलावी. तोवर साडेचार तासांचा फरक, २९ पासून साडेतीन. वरूडात रात्रीचे साडेआठ वाजले की तिकडे संध्याकाळचे पाच.