विषय: मागच्या अंगणातली पट्टी

नमस्कार मंडळी,

वाशीहून लिहितोय, अमेरिकेतून परत येऊन चार वर्षं झाली तरी ही मेलिंग लिस्ट काही सोडवत नाही. आमचं न्यू जर्सीतलं नदीकाठचं घर भाड्याने दिलंय, परवा भाडेकरूने व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो पाठवला. पूर अडवायला मागे मातीचा बांध घालणार, त्यासाठी आमच्या बॅकयार्डच्या टोकाची पट्टी ईझमेंटवर, म्हणजे मालकी आमची पण वापराचा हक्क त्यांचा अशी हवीये, तीही परपेच्युअल, म्हणजे कायमची. जमीन आमच्याच नावावर, टॅक्स आम्हीच भरायचा, पण तिथे शेड नाही, कुंपण नाही, आणि बांधाच्या पायथ्यापासून १५ फुटांत झाड तर नाहीच. म्हणजे आमचं अंजीर गेलं. दर थंडीत गोणपाट गुंडाळून जगवलंय हो ते. बायको म्हणते सही करायची नाही. बाबा म्हणतात, सात-बाऱ्यावर इतर हक्कात एकदा नोंद चढली की उतरत नाही, तिकडेही तेच असणार. कोणी दिलीये का अशी सही?

---

काका, मी ठाण्याहून. सँडी वादळ आलं तेव्हा, २०१२ ला, आम्ही तिकडेच होतो, त्यामुळे हा वाद जवळून बघितलाय.

सही नाही केली की विषय संपला असं नसतं. हार्वी सीडर्स या जर्सीच्या किनाऱ्यावरच्या गावाची केस शोधून वाचा. किनाऱ्यावर २२ फुटी वाळूचं टेकाड घालायचं होतं, एका जोडप्याने नाही म्हटलं, गावाने ती पट्टी सक्तीने घेतली. समुद्र दिसेनासा झाला म्हणून ज्युरीने ३ लाख ७५ हजार डॉलर दिले, पण २०१३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, की नुकसान मोजताय तर त्याच टेकाडाने घर वाचतं तो फायदाही मोजा. शेवटी तडजोड किती? एक डॉलर!

बाबांचं मात्र अगदीच चुकत नाही. आपल्याकडे ईझमेंटचा १८८२ चा कायदा आहे, त्या हक्काला वकील सुविधाधिकार म्हणतात, गावात वहिवाट म्हणतात, आणि वहिवाटीवरून भावाभावांत काय होतं ते सांगायला नको. म्हणून भांडायचं तर कागदातल्या शब्दांवर भांडा. पट्टी नकाशावर मोजमापासकट हवी. कामापुरती लागणारी जागा वेगळी आणि कायमची वेगळी लिहून घ्या. उद्या बांधावरून लोकांना फिरायला वाट करणार का, हे लेखी विचारा, कारण किनाऱ्यावरच्या लोकांना खरी धास्ती तीच होती, आज वाळू आणि उद्या बोर्डवॉक, म्हणजे लोकांना फिरायचा फळ्यांचा रस्ता. घरावर कर्ज असेल तर बँकेलाही विचारावं लागेल.

आणि कायमची का मागतात ते तुमच्या वाशीतच दिसेल. मिनी सीशोरचा धारण तलाव बघा, पावसाचं पाणी तिथे साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, भरतीला झडपा बंद. डोकं भारी, पण असे तलाव गाळाने भरले, त्यात कांदळवन उगवलं, मग गाळ काढणं परवानग्यांत अडकलं. बांध घातला आणि दहा वर्षांनी दुरुस्तीला मशीन आत नेता येत नाही, तर काय उपयोग? झाडाचंही तसंच, मुळांच्या कडेने पाणी झिरपतं, आणि वादळात झाड उन्मळलं की मातीचा ढेकूळ घेऊनच जातं.

---

ताई, थँक्स. एक डॉलरचं बायकोला वाचून दाखवलं, ती गप्प झाली, बाबा नाही झाले. मोजमापाचा नकाशा मागवलाय, वकीलही बघतो. तोवर भाडेकरूला सांगितलंय की अंजिराच्या चार काड्या काढून कुंडीत लाव. तिकडे जर्सीत एडिसनच्या बाजूला कोणाकडे ऊन येणारी जागा आहे का?