मॉयरा गेगन-क्विन: १९९३च्या कायद्याचं श्रेय कोणाचं?

मुक्ता_क:
आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९३पर्यंत गुन्हा होते, १८६१ आणि १८८५च्या ब्रिटिशकालीन कायद्यांमुळे. तो डाग पुसला न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांनी. १९७९ साली त्या कॅबिनेट मंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री मंत्री कॉन्स्टन्स मार्केविच यांच्यानंतरच्या पहिल्याच स्त्री. पुढे २०१० ते २०१४ युरोपीय आयोगात संशोधन खातं, ‘होरायझन २०२०’ हा संशोधनाला पैसा पुरवणारा जवळजवळ ८० अब्ज युरोंचा कार्यक्रम. तरी माझ्या लेखी त्यांचं सर्वांत मोठं काम हा कायदाच.

श्रीरंग:
नाही पटलं. समलिंगी हक्कांसाठी लढणारे डेव्हिड नॉरिस या कायद्यांविरुद्ध १९८८मध्येच स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जिंकले होते. कायदा बदलणं भागच होतं, तरी पाच वर्षं टाळाटाळ झाली, आणि त्या सगळ्या काळात सत्ता गेगन-क्विन यांच्याच फियाना फॉल पक्षाकडे होती! श्रेय नॉरिस आणि त्यांच्या वकील मेरी रॉबिन्सन यांचं. बाईंना तर मतदारसंघही घरातून मिळाला. १९७५मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी गॉलवे वेस्टची पोटनिवडणूक जिंकून त्या संसदेत आल्या.

मुक्ता_क:
जागा वडिलांची होती, हे खरंच. पण कायदा बदला एवढंच निकालानं सांगितलं होतं, कसा बदलायचा ते नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा संमतीचं वय समलिंगी पुरुषांना २१ आणि इतरांना १६ होतं. तोच कित्ता गिरवणं सोपं होतं. गेगन-क्विन यांनी सगळ्यांना सारखंच १७ ठेवलं. एका समलिंगी मुलाच्या आईला भेटल्या, तिचं ऐकून घेतलं. पश्चिमेकडच्या गेलिक बोलणाऱ्या, कर्मठ कॅथलिक भागातून निवडून येणाऱ्या मंत्र्याला हे राजकीयदृष्ट्या महागात पडू शकलं असतं. धाडस म्हणतात ते हेच.

अनघा_१७:
आणि वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांचं काय? रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्यांवरची कारवाई त्याच कायद्यानं कडक केली. त्यांच्या आयांना कोणी भेटलं का? २०१०मध्ये देश आर्थिक संकटात असताना युरोपीय आयोगातल्या आयुक्तपदाच्या पगारासोबत माजी मंत्र्याचं पेन्शनही चालू होतं, ते टीका झाल्यावर सोडलं. मला या बाईंना सुधारक म्हणवत नाही.

मुक्ता_क:
पेन्शनबद्दल काहीच म्हणणं नाही, चुकलंच. त्या बायकांवर अन्याय झाला, तेही मान्य. पण म्हणून कलमांमधलं ते १७ वय पुसलं जात नाही.

श्रीरंग:
वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तेवढं श्रेय त्यांना. तरी पहिलं नाव मी रॉबिन्सन यांचंच घेईन. ज्या कायद्याविरुद्ध त्या नॉरिसच्या बाजूनं लढल्या, तो मोडणाऱ्या विधेयकावर जुलै १९९३मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच सही केली.